रिकाम्या हातांचं काय करायचं?

कोर्समेट्सच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एरवी येतं ते पेन्शनचं गणित, कुणाच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आणि खडकवासल्याचे जुने फोटो. गेल्या महिन्यात मात्र एक व्हिडिओ फिरला. सरावाच्या रबरी पुतळ्यावर एक जण छाती दाबतोय, दुसरा त्याच्या समोर बसून त्याच लयीत पोट दाबतोय आणि खाली ठळक अक्षरांत दावा: असा सीपीआर दिला तर तिप्पट माणसं वाचतात. दोनच दिवसांत युनिटमधला एक उत्साही कॅप्टन माझ्यासमोर उभा. "सर, पुढच्या कॅडरमध्ये घेऊ या का हे?"

मी नाही म्हणालो. पण नाही म्हणून विषय मिटवावा इतका तो दावा पोकळ नाही. तिपटीचा आकडा हवेतून आलेला नाही. तो कुठून आला आणि तरीही मी माझ्या पोरांना हे का शिकवणार नाही, हे सविस्तर लिहायला हवं असं वाटलं. शिवाय मला एक मागणीही करायची आहे आणि ती कॅप्टनकडे नाही, आमच्या वैद्यकीय सेवेकडे आहे.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. इन्फंट्रीवाला आहे. पण वीस-बावीस वर्षं वाळवंटात, ईशान्येच्या जंगलात आणि आता पंधरा हजार फुटांवर काढल्यावर एक गोष्ट पक्की कळते: फौजेत माणूस फक्त गोळीने पडत नाही. पाच किलोमीटरच्या दौडीत पडतो, मे महिन्यातल्या उन्हात पडतो, वीज लागून पडतो, थंडीत रात्री ड्यूटी बदलताना पडतो. आरएमओ साहेब बटालियनचा एकच आणि पोस्टी अनेक. पहिल्या चार मिनिटांत पडलेल्याजवळ जो असतो तो डॉक्टर नसतो. तो शेजारच्या बंकरातला शिपाई असतो.

म्हणून आम्ही सीपीआर घोटून घेतो. छातीच्या मधोमध तळहात, कोपर ताठ, पाच ते सहा सेंटीमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. एका वर्गात एका जुन्या हवालदाराने विचारलं होतं, "साहब, एक छाती दबाएगा, एक साँस देगा. बाकी आठ जने खड़े-खड़े क्या करेंगे?" सगळे हसले. मला मात्र तो प्रश्न फार मोलाचा वाटला. शहरात रस्त्यावर कुणी कोसळलं तर मदतीला एक माणूस मिळाला तरी नशीब. आमच्याकडे उलट आहे. आमच्याकडे हात रिकामे असतात.

गंमत म्हणजे पोटाच्या दाबाचं सगळं संशोधन या रिकाम्या हातांभोवतीच उभं आहे.

छाती दाबून आपण थांबलेल्या हृदयाचं काम हाताने करतो, पण ते काम अगदी कमी प्रतीचं होतं. उत्तम सीपीआरमध्येही शरीराला नेहमीच्या रक्तप्रवाहाचा साधारण पाव ते तिसरा हिस्सा मिळतो. त्यातही खुद्द हृदयाच्या स्नायूला रक्त मिळतं ते दाब देताना नाही, हात वर उचलतो त्या क्षणी. तेव्हा महाधमनीत जेवढा दाब टिकून असेल तेवढंच रक्त हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांत शिरतं. दाब टिकला नाही तर हृदय उपाशी राहतं, आणि उपाशी हृदय शॉक दिला तरी उठत नाही. आता नेमक्या त्याच क्षणी दुसऱ्या कुणी पोट दाबलं तर? पोटातली महाधमनी पाठीच्या कण्यावर चेपली जाते, त्यातलं रक्त मागे हृदयाकडे ढकललं जातं आणि पोटातल्या शिरांमधलं रक्तही छातीकडे येऊन पुढच्या दाबासाठी भरून राहतं. आयसीयूमध्ये महाधमनीत फुगा घालून जे साधतात, तेच इथे दोन तळहातांनी साधायचं.

माझ्या आजोळी भात कांडताना एकाच उखळात दोघी जणी आळीपाळीने मुसळ घालायच्या. एकीचं वर तेव्हा दुसरीचं खाली. लय चुकली की मुसळावर मुसळ आपटायचं, आणि मग आजीचं तोंड सुटायचं. पोटाचा दाब म्हणजे हीच जोडी. उरोस्थीचं खालचं टोक आणि बेंबी यांच्या मधे, छातीवरचा हात उठला की पोटावरचा खाली. एकास एक.

ही कल्पना तशी जुनी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच अमेरिकन शल्यविशारद जॉर्ज क्राइल पोट आणि पाय हवेच्या सूटने आवळून रक्तदाब वाढवत होते. छातीवरच्या दाबाचा शोध त्याच्या बराच नंतरचा. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी १९६० मध्ये तो प्रसिद्ध केला, आणि त्याचा जोर या गोष्टीवर होता की याला उपकरण लागत नाही, दोन हात पुरतात. त्यांचे पहिले रुग्ण होते वीस. त्यांतले सत्तर टक्के वाचले. इतकं यश पुढे कुणालाच मिळालं नाही, कारण ते वीस जण रुग्णालयातच, डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत कोसळलेले होते. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागेल. (कौवेनहोवेन हे पेशाने इलेक्ट्रिकल इंजिनिअर. या विषयात डॉक्टरांच्या बरोबरीने इंजिनिअरांनी डोकं घातलं आहे. सॅपर मित्रांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.)

त्यानंतर पोटाकडे पुन्हा लक्ष गेलं. साठच्या दशकात काहींनी पोट सतत आवळून ठेवून पाहिलं. कुत्र्यांवरच्या प्रयोगांत यकृत फाटल्याचं दिसलं आणि भीती बसली. मग सतत नाही, आळीपाळीने दाबायचं अशी सुधारणा आली. १९८२ मध्ये इंडियानातल्या पर्ड्यू विद्यापीठात राल्स्टन, बॅब्स आणि नीबाउअर यांनी कुत्र्यांवर ती मोजली आणि रक्ताभिसरण लक्षणीय सुधारल्याचं दाखवलं. चार्ल्स बॅब्स यांनी पुढे जवळजवळ आयुष्यभर या एका तंत्राचा पाठपुरावा केला. त्याच विद्यापीठात लेस्ली गेडिस यांनी २००७ मध्ये आणखी पुढे जाऊन, छातीला हातच न लावता फक्त पोट लयीत दाबून डुकरांमध्ये रक्तप्रवाह चालतो का हे तपासलं. बरगड्या मोडण्याचा प्रश्नच मिटावा हा त्यामागचा एक हेतू. सीमेपलीकडे चीनच्या सशस्त्र पोलिस दलाच्या रुग्णालयातही याच वाटेने काम झालं. छाती चेंगरलेल्या, बरगड्या तुटलेल्या माणसाची छाती दाबणार कशी? म्हणून त्यांनी पोटाला चिकटून ते खाली दाबणारं आणि वर ओढणारं हातातलं उपकरण केलं. भूकंपाच्या आणि हिमस्खलनाच्या प्रदेशात राहणाऱ्या फौजेला हा प्रश्न का सुचावा हे मला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आता माणसांवरचे आकडे, कारण खरी लढाई तिथे आहे.

१९८५ मध्ये मिलवॉकी शहरात रुग्णवाहिकेच्या पॅरामेडिकांनी २९१ रुग्णांवर तुलना केली. नेहमीच्या सीपीआरने ३१ टक्के रुग्णांचं हृदय पुन्हा सुरू झालं, पोटाच्या दाबासह २८ टक्के. म्हणजे फायदा शून्य. त्यानंतर १९९२ मध्ये सॅक आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतच, पण रुग्णालयाच्या आत, १०३ रुग्णांवर तुलना केली. हृदय सुरू होण्याचं प्रमाण २७ वरून ५१ टक्क्यांवर गेलं, आणि जिवंत घरी जाणाऱ्यांचं ७ वरून २५ टक्क्यांवर. व्हिडिओतली 'तिप्पट' ती हीच. त्याच वर्षी त्यांनी आणखी १४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे शॉक देऊन न सुधारणारे, म्हणजे सर्वांत निराशाजनक रुग्ण. तिथेही हृदय सुरू होण्याचं प्रमाण २८ वरून ४९.

हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा मीही खुर्चीत सरसावून बसलो. सात आणि पंचवीस. एवढा फरक दाखवणारं दुसरं तंत्र या क्षेत्रात शोधून सापडत नाही. पण मग फौजी सवयीने मी टक्क्यांची माणसं करून पाहिली. एकशेतीन म्हणजे आमची एक रायफल कंपनी, तीही रजेवरची पोरं वगळून. त्यातले निम्मे इकडे, निम्मे तिकडे. सात टक्के आणि पंचवीस टक्के यांतला फरक आठ-नऊ माणसांचा भरतो. आठ-नऊ जीव थोडे नव्हेत, पण एवढ्या छोट्या गटात चार रुग्ण थोडे अधिक तरुण, थोडे लवकर सापडलेले निघाले तरी सगळं चित्र पालटतं. शिवाय पोट दाबणाऱ्याला आपण पोट दाबतोय हे माहीत असतं. गोळीच्या चाचणीत खोटी गोळी देता येते, इथे खोटा हात देता येत नाही. खोलीतल्या सगळ्यांचा उत्साह त्या एका बाजूला झुकू शकतो.

आणि रस्ता व रुग्णालय यांतला फरक पाहा. रुग्णालयात माणूस पडला की मिनिटाच्या आत तिथे चार प्रशिक्षित हात असतात, श्वासनलिकेत नळी पटकन पडते, त्यामुळे पोट दाबल्यावर उलटी फुप्फुसात जाण्याचा धोका आटोक्यात राहतो. रस्त्यावर यातलं काहीच नसतं. म्हणूनच अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१० च्या सूचनांत सावध भूमिका घेतली: रुग्णालयात, पुरेशी प्रशिक्षित माणसं हजर असतील तर विचार करता येईल. रुग्णालयाबाहेर किंवा लहान मुलांसाठी पुरेसा पुरावा नाही. गर्भवती, महाधमनीचा फुगवटा असलेले आणि नुकतंच पोटाचं ऑपरेशन झालेले यांना तर हे वर्ज्यच.

आता माझं 'नाही' कळलं असेल. पोस्टवर नळी नाही, नळी घालणारा नाही. पोरांच्या पोटात लंगरचं भरपेट जेवण असतं. पंधरा हजार फुटांवर छाती दाबणाऱ्याचीच मिनिटभरात धाप लागते. दोघांची लय जुळवण्याच्या नादात पहिल्याचा वेग मोडला तर हातातलं खात्रीचं सोडून आपण अंदाजामागे धावलो असं होईल. भारतीय पुनरुज्जीवन परिषदेने २०१७ मध्ये सामान्य नागरिकांसाठी जी पद्धत आखली त्यात श्वाससुद्धा काढून टाकला आहे, फक्त छाती. शिकवणं जितकं साधं तितकी ऐन वेळी करणारी माणसं जास्त, हा त्यामागचा हिशेब. तो मला पटतो.

फौजेला याबाबतीत दुप्पट सावध राहायला हवं असं मला वाटतं, कारण आपल्याला 'दिसणारा' परिणाम फार लवकर भुरळ घालतो. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकन सैन्याने एक हवेची विजार वापरात आणली, मास्ट नावाची. रक्तस्राव झालेल्या जवानाला ती चढवायची, हवा भरायची, पाय आणि पोट आवळले जायचे आणि डोळ्यांसमोर रक्तदाबाचा काटा वर चढायचा. कोण नाही म्हणेल? युद्ध संपल्यावर ती तिथल्या नागरी रुग्णवाहिकांत गेली आणि बऱ्याच ठिकाणी सक्तीचीही झाली. मग ह्यूस्टनमध्ये मॅटॉक्स आणि सहकाऱ्यांनी ९११ जखमींवर नीट तुलना करून १९८९ मध्ये निकाल मांडला: विजार घातलेले न घातलेल्यांपेक्षा जास्त मेले. काटा वर चढत होता, माणूस खाली जात होता. तो रुग्ण वेगळा, हे मान्य. रक्त वाहणारा जिवंत माणूस आणि थांबलेलं हृदय यांची तुलना सरळ होत नाही. पण पोट आवळून दाब वाढवणं आणि जीव वाचवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या विजारीने महागात शिकवलं.

छाती दाबणाऱ्या यंत्राचंही तेच. न थकणारं, लय न चुकणारं यंत्र माणसापेक्षा सरस ठरणारच असं सगळ्यांना वाटत होतं. ब्रिटनमध्ये ४,४७१ रुग्णांवर चाचणी झाली, २०१५ मध्ये निकाल आला. तीस दिवसांनी जिवंत: यंत्राने ६ टक्के, हातांनी ७.

म्हणजे पोटाच्या दाबाचा विषय फाइलबंद करावा का? इथे माझं मत नेमकं उलट आहे.

मिलवॉकीने म्हटलं उपयोग नाही, सॅक यांनी म्हटलं तिप्पट. अशा वेळी शहाण्या माणसाने काय करावं? मोठी, नीट आखलेली तिसरी चाचणी. तीस वर्षं उलटून गेली, रुग्णालयातल्या रुग्णांवर त्या तोलाची मोठी चाचणी झाली नाही. यंत्रावर साडेचार हजार रुग्णांची चाचणी होते आणि दोन तळहातांवर होत नाही, याचं कारण माझ्या मते विज्ञानात नाही, बाजारात आहे. यंत्र विकता येतं. हात विकता येत नाहीत. ज्या तंत्राचा कुणी विक्रेता नाही त्याचा खर्च उचलायला कुणी येत नाही, आणि मग ते सूचनापुस्तिकेत 'विचार करता येईल' या एका ओळीत वर्षानुवर्षं पडून राहतं.

अशा अनाथ प्रश्नासाठी सरकारी पगारावरची, शिस्तीची, एकाच साच्यात प्रशिक्षण देऊ शकणारी संस्था लागते. ती आपल्याकडे आहे. लष्करी रुग्णालयांचं जाळं देशभर आहे, पुण्याचं एएफएमसी १९४८ पासून उभं आहे, तिथूनच सशस्त्र दलांचं वैद्यकीय नियतकालिक निघतं. वॉर्डात नर्सिंग ऑफिसर आणि नर्सिंग असिस्टंट असतात आणि त्यांची बदली झाली तरी पुढच्या रुग्णालयात ड्रिल तेच राहतं. तीन जणांची टीम लागते म्हणून बाहेरच्या जगाने जे तंत्र अव्यवहार्य ठरवलं, ती तीन माणसं आपण ड्यूटी रोस्टरवर लावू शकतो.

आणि हे आपण पूर्वी केलेलंच आहे. १९६२ नंतर हजारो जवान घाईघाईने उंचीवर चढवले गेले आणि फुप्फुसात पाणी होऊन कोसळू लागले, तेव्हा इंदर सिंग आणि त्यांच्या सहकारी लष्करी डॉक्टरांनी १,९२५ जवानांची नोंद ठेवली. १९६९ मध्ये तो अभ्यास न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला आणि जगभरचे गिर्यारोहक तो वाचू लागले. आज मला आणि माझ्या पोरांना नऊ हजार फुटांच्या वर सहा दिवस, मग चार, मग पुन्हा चार असं टप्प्याटप्प्याने थांबवतात, ती शिस्त त्या काळच्या अनुभवातून आलेली आहे. मात्र त्याच डॉक्टरांनी सुचवलेलं लघवी वाढवणारं औषध डोंगरी आजारावर पुढच्या अभ्यासांत टिकलं नाही. निरीक्षण अव्वल होतं, पण उपचाराची तुलना व्हायची राहिली होती. म्हणून मी नुसती नोंद मागत नाही, तुलना मागतोय: चिठ्ठी टाकून दोन गट, आणि मोजायचं ते हृदय सुरू झालं का हे नाही, माणूस शुद्धीत, आपल्या पायांनी घरी गेला का हे.

अडचण आहे ती संमतीची, आणि ती मला या सगळ्यात सर्वांत अवघड वाटते. हृदय थांबलेल्या माणसाला विचारता येत नाही. आणि वर्दीतल्या माणसाला आधी विचारलं तरी त्याच्या 'हो'ला किती अर्थ आहे? मी परेडला उभं करून विचारलं, "किसी को ऐतराज़?" तर एकही हात वर येणार नाही, आणि ती संमती नव्हे. आयसीएमआरची मार्गदर्शक तत्त्वंही अशा उतरंडीतल्या माणसांना असुरक्षित गटात धरतात, ते बरोबरच आहे. पण रुग्णालयात हृदय बंद पडणारे बहुतेक रुग्ण वयस्कर असतात. आमच्याकडे ते माजी सैनिक, त्यांच्या पत्नी, जवानांचे आईवडील. त्यांच्यावर कुणाचा हुकूम चालत नाही. (माजी सुभेदार मेजरवर तर कुणाचाच नाही.) भरती होताना त्यांना, घरच्यांसमोर, त्यांच्या भाषेत, सिव्हिल कपड्यांतल्या माणसाने समजावून विचारावं. नको म्हणाले तर नेहमीचा सीपीआर, आणि कागदावर त्याची कुठेही वेगळी खूण नको. नीतिसमितीत बाहेरची माणसं असावीत आणि मधल्या टप्प्यावर आकडे बघून चाचणी थांबवण्याचा अधिकार त्यांच्याकडे असावा. पोटाच्या इजांची प्रत्येक नोंद उघड व्हावी. यकृताची ती जुनी भीती माणसांत कितपत खरी आहे, तेही मग एकदाचं कळेल.

कॅप्टनला मी दुसरं काम दिलं. हवालदाराच्या त्या आठ जणांना आता आमच्या ड्रिलमध्ये नावानिशी कामं आहेत. एक मोठ्याने मोजतो. दोघे रांगेत गुडघ्यावर तयार. नियम दर दोन मिनिटांनी बदलण्याचा आहे, आम्ही या उंचीवर दर मिनिटाला बदलतो, आणि बदलताना हात पाच सेकंदांपेक्षा जास्त थांबता कामा नये. एक शॉक मशीन आणायला पळतो, एक रेडिओवर, एक ऑक्सिजन घेऊन डोक्याशी, एक घड्याळ लावून वेळ लिहितो, कारण आरएमओ साहेब पहिला प्रश्न तोच विचारतात. आठवा पडलेल्याच्या पायाशी उभा राहून फक्त बघतो: छाती पूर्ण वर येतेय का, दाबणारा थकलाय का. थकलेला माणूस स्वतःहून कधीच सांगत नाही, निदान आमच्याकडे तरी. म्हणून 'बदल' हा शब्द आठव्याने द्यायचा असतो, आणि तो शिपाई असला आणि दाबणारा सुभेदार साहेब असले तरी तो हुकूम मानायचा असतो. पहिल्या दिवशी हे जमायला वेळ लागला. सुभेदार साहेब "एक मिनट और" म्हणत राहिले. तिसऱ्या दिवशी शिपायाने त्यांचा खांदा धरून त्यांना बाजूला केलं.